समुद्रापलीकडची पोरं

आई, तू गेलीस तेव्हा मी नुकतीच दिल्लीत नोकरीला लागले होते. त्यामुळे मी नेमकं काय काम करते, हे तुला कधी नीट सांगताच आलं नाही. शेजारच्या लहान देशांना आपलं सरकार मदत करतं, कुठे दवाखाना, कुठे पाण्याची योजना, कुठे मुलांना शिष्यवृत्ती. त्यातलं काय चालू ठेवायचं आणि काय थांबवायचं, यावर मत देणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या कार्यालयात याला देशाच्या सुरक्षेचा भाग म्हणतात. मला मात्र तो शब्द ऐकला की बेलापूरच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर आठवतं.

तू तिथे स्वयंपाकाला होतीस. किनाऱ्यावर पहारा देण्याचं शिक्षण घ्यायला एका बेटांच्या देशातून मुलं आली होती, सगळी आपल्या सरकारच्या खर्चानं. राजमा आणि पनीर ताटात तसंच टाकून उठायची. तू मुकादमाशी भांडून आठवड्यातून दोनदा बांगडे आणायची परवानगी मिळवलीस. एकजण तापानं आजारी पडला, तर त्याला सरळ बोनकोड्याच्या आपल्या घरी घेऊन आलीस. मला अजून दिसतंय, तो ओट्यावर गोधडी पांघरून बसलाय, तू त्याला पेज भरवते आहेस आणि मी रिकामा हंडा घेऊन दारात उभी आहे. त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं. मी चिडून म्हणाले, "आपल्याला प्यायला पाणी नाही आणि यांना फुकट शिकवतात."

तू वाटी खाली ठेवलीस. "त्याच्या देखत बोलू नको. उद्या आपला कोनी तिकडं अडकला तं त्याला कोन बघंल?" मग म्हणालीस, "पन म्हनून नाय घालायचं जेवन. त्याला भूक लागलीय म्हनून घालायचं."

गेल्या वर्षी त्याच देशात सरकार बदललं. नवे लोक आपल्याला रोज बोल लावू लागले. बैठकीत माझे साहेब म्हणाले, "शिव्या खाऊन मदत करायची? बंद करा, मग कळेल त्यांना." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "सर, शिव्या देणारे चार जण आहेत. दवाखान्यात झोपलेल्यांनी आपल्याला काय केलंय?" बरीच वादावादी झाली. शेवटी आपण तिथे बांधत होतो त्या रस्त्याचं काम थांबलं, ते मला वाचवता आलं नाही. औषधं आणि शिष्यवृत्त्या तेवढ्या राहिल्या.

पुढे पावसाळ्यात आपल्या खलाशांचं एक मालवाहू जहाज त्यांच्या समुद्रात इंजिन बंद पडून वाहत गेलं. संपर्क तुटला. त्यांच्या सरकारकडून धड उत्तर येईना. मी त्यांच्या किनारा रक्षकांना थेट फोन लावला. पलीकडचा अधिकारी मोडक्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, मैं बेलापूर में पढा हूं. ऊपर से परमिशन मांगी है. बोट तैयार रखी है." परवानगी मिळाली, बोट निघाली आणि दुसऱ्या दिवशी सगळे खलाशी जिवंत सापडले. तो तुझ्या हातचं जेवला होता का, हे विचारायचं राहून गेलं. शिष्यवृत्त्या बंद झाल्या असत्या तरी त्यानं बोट काढली असती का, हेही मला माहीत नाही. काढलीही असती कदाचित. पण तो फोन ठेवल्यावर मी खूप वेळ तुझाच विचार करत बसले.

सध्या रजेवर कामोठ्याला माझ्या घरी आलेय. परवा एक म्हातारी बाई पत्ता शोधत घरी आली, सोबत तिचा मुलगा. रायगडच्या किनाऱ्यावरचं मुसलमान कुटुंब. तो त्या जहाजावर होता, आणि त्या दिवसांत मी तिच्याशी फोनवर बोलत असे. तिनं घरच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकी कोलंबी आणली होती. चहा झाला. निघताना तिनं माझ्या गालांवरून हात फिरवला आणि विचारलं, "बेटी, तुझी आई कुठं असते?"

"बोनकोड्याला," मी म्हणाले.

"तिला माझा सलाम सांग."

तू नाहीस, हे मला तिला सांगवलं नाही. मी म्हणाले, "सांगते."