खडूची खूण

प्रिय खारुताई,

तुझं पत्र पोचलं. ‘बाबा, आता आमच्याकडेच राहायला ये, खोली रंगवून ठेवली आहे,’ हे तू तिसऱ्यांदा लिहिलंस आणि मी तिसऱ्यांदा ‘बघू’ लिहिणार होतो. जावईबापूंना वाटत असेल, सासरा भाव खातोय. तसं नाही गं.

आमच्या बागेतलं काचघर गळायला लागलं, म्हणून गेल्या वर्षी निवडुंगाची सगळी मंडळी नव्या काचघरात हलवली. निवडुंग मोठा धोरणी. पानांतून पाणी उडून जातं म्हणून त्याने पानांचे काटेच करून टाकले. पाणी खोडात साठवतो. मिळालं की खोडाच्या घड्या फुगतात, तहान लागली की मिटतात. शेजारच्या दमट खोलीत सगळं उलटं. तिथं पाणी उदंड, उजेडाचीच टंचाई, म्हणून एकेक पान परातीएवढं. ज्याला जिथं राहायचं तो तिथलं शिकतो, पण एका दिवसात नाही. निवडुंगाची उन्हाकडची बाजू राठ झालेली असते, सावलीकडची कोवळी. म्हणून हलवण्याआधी आम्ही कुंडीवर खडूने खूण करतो आणि नव्या जागीही तीच बाजू उन्हाला देतो. चाळीस वर्षं नवख्यांच्या कानीकपाळी हे ओरडत आलो, आणि सगळ्यांत जुन्या निवडुंगाची खूण करायला मीच विसरलो. म्हाताऱ्याची कोवळी बाजू आठ दिवसांत पांढरी पडली, मग करपली. आमच्या बागेच्या अधीक्षक बाई म्हणाल्या, फेकून द्या. मी हातापाया पडून ठेवून घेतला.

यंदा तो डाग आहे तसाच आहे, पण त्याच्यावरची नवी वाढ टणक, हिरवीगार. काल त्याला कळी आली. बाई आता येणाऱ्याजाणाऱ्याला तो असा दाखवतात, जणू त्यांनीच वाचवला.

मला फार आनंद झाला, आणि मग झारी हातात धरून तिथंच रडू आलं. तुझी आई गेली तेव्हा नऊ वर्षांच्या तुला मी आत्याकडे पाठवलं. मला वेणी घालता येत नाही, असं सगळ्यांना सांगत सुटलो. खरं म्हणजे तू आईसारखी हसायचीस, ते मला बघवत नव्हतं. तुला अंधाराची भीती वाटते, ताप आला की तू कुणाला सांगत नाहीस, एवढंही आत्याच्या कानावर घातलं नाही. तू तिथं रुळलीस आणि मी सोयीस्करपणे समजून चाललो की पोरीला काही लागलंच नाही.

चुकलं माझं, बाळा. हे एकदा लिहिल्याशिवाय तुझ्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहू, म्हणून ते ‘बघू’. आज सकाळी राजीनामा दिला. शनिवारी निघतो. आलो की आधी मनसोक्त भांडून घे. चहा नंतर टाक.

तुझाच,
वीस वर्षं उशीर केलेला बाबा