न विचारता बोलणारा चष्मा

बाई, गेल्या महिन्यातल्या एका सकाळी मी बोलका चष्मा डोळ्यांवर चढवून दूध आणायला निघालो आणि रस्ता चुकलो. खांदेश्वरला राहायला आल्यापासून घर ते डेअरी हा रस्ता माझ्या पायांना पाठ आहे. पिठाची गिरणी घरघरते तिथे वळायचं, इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास मागे पडला की डेअरी आली. पण चष्म्याच्या दांडीतला आवाज कानाशी सारखा बोलत होता. "समोर झाड आहे. डावीकडे उभी केलेली मोटारसायकल आहे. समोर एक माणूस आहे, निळा शर्ट." झाड रोज तिथेच असतं, आणि निळ्या शर्टाचं मी काय करणार? त्या बडबडीत गिरणी कधी मागे गेली ते कळलंच नाही. मी भलत्याच सोसायटीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. तिथला वॉचमन ओळखीचा निघाला. "काका, आज इकडं कुठं? आन् गॉगल कसला घातलाय, एकदम हिरो!" मी म्हटलं, "हिरो रस्ता चुकलाय रे." तो इतका हसला की मलाही हसू आलं. मग चष्मा खिशात टाकला, काठी टेकवत मागे फिरलो आणि गिरणीचा आवाज धरून दूध घेऊन घरी आलो.

हा चष्मा माझ्या लेकीच्या कंपनीचा. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, माझं लग्नही तुम्ही हे जग सोडून गेल्यावर झालं. ती महापेला एका छोट्या कंपनीत तपासणीचं काम करते, म्हणजे वस्तू बाजारात जाण्याआधी तिच्यात काय चुकतंय ते शोधायचं. अजून ती तिथे कायम झालेली नाही. हिचे वडील आंधळे आहेत आणि बेलापूरच्या सरकारी कार्यालयात नोकरी करतात, हे तिच्या साहेबांना कळलं. त्यांनी चष्मा घरी पाठवला. काकांनी महिनाभर वापरावा, मग त्यांची छोटीशी फिल्म करू आणि चष्मा त्यांनाच भेट देऊ, असा निरोप. लेक एवढंच म्हणाली, "बाबा, तू फक्त वापर. आणि खरं काय ते सांग." फिल्म चांगली झाली तर तिचं कायम होणं सोपं जाईल हे ती बोलली नाही, पण मला कळायचं ते कळलं.

घरात चष्म्याने करमणूक मात्र खूप केली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो तर तो म्हणाला, समोर एक वयस्कर महिला आहे, हातात लाटणं आहे. ते मी जसंच्या तसं मोठ्याने सांगितलं. बायकोचं लाटणं थांबलं. "वयस्कर कोणाला म्हणतोय मेला? इतक्या वर्षांत तुम्हाला जे दिसलं नाही ते त्याला पहिल्या दिवशी दिसलं होय?" मग संध्याकाळी देवापुढे बसून मी पोथी उघडली. छापील पोथी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाचणार होतो. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून लेकीने आवाज मोठा केला. चष्म्याने पहिली ओवी वाचली आणि शेवटी मोठ्या भक्तिभावाने म्हणाला, "उभी रेघ, उभी रेघ, एक, उभी रेघ, उभी रेघ." लेक हसून लोटपोट झाली. देवालाही आवडलं असेल. मी पोथी मिटली आणि पाठ होती तशी म्हटली.

त्या दिवसांत तुमची आणि गावच्या शाळेतल्या तुमच्या वर्गाची फार आठवण येत राहिली. शाळेच्या वाटेवरचा ओढा आठवतो. पोरं माझ्याभोवती गलका करतायत, "दगड! खड्डा! शेण!" त्या ओरड्यात पाय कुठे टाकावा ते सुचत नाही आणि मी ओढ्यात बसतो. चड्डी भिजलेली, पुस्तकांची पिशवी भिजलेली. तेवढ्यात मागून तुम्ही येता. मला हात देत नाही, आधी पोरांवर कडाडता. "शेणाचा वास येतो त्याला! तो विचारेल तेव्हा सांगायचं, तोवर तोंडं बंद!" मग मोर्चा माझ्याकडे. "आणि तू रे? तू यांच्या ओरडण्याने चालतोस की स्वतःच्या पायांनी?" त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. दुसऱ्या दिवशी पोरं गप्प राहिली, मला पाण्याचा आवाज आला आणि मी ओढा कोरडा ओलांडला.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही माहेरी गेला नाहीत. शहरातल्या अंधशाळेत जाऊन स्वतः ब्रेल शिकलात आणि येताना माझ्यासाठी ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन आलात. गावात पारावर चर्चा झाली. आंधळ्याला पाटी कशाला? गळा गोड आहे, देवळात भजनाला बसवा, चार घास मिळतील. माझ्या वडिलांनाही ते पटायला लागलं होतं. तुम्ही आमच्या ओटीवर येऊन बसलात, आईने दिलेला चहा घेतलात आणि म्हणालात, "भजन तो म्हणेलच. पण ते देवासाठी म्हणू दे, पोटासाठी नको." आज मी सोसायटीच्या मंडळात दर शनिवारी भजन म्हणतो आणि त्याचं कुणाकडून काही घेत नाही. पोटाची सोय त्या पाटीने केली.

म्हणून आंधळ्यांना असली नवनवी अंगावर घालायची यंत्रं खरंच लागतात का, असं ऑफिसात कुणी विचारलं तर मला पटकन उत्तर देता येत नाही. काठीला चार्जिंग लागत नाही हे खरं. हातातला फोन ऑफिसचे कागद वाचून दाखवतो हेही खरं. तरी 'कशाला हवंय' म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात मला पारावरची माणसं ऐकू येतात. आणि 'हवंच, याने तुमचं आयुष्य बदलेल' म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात ओढ्यावरची पोरं. दोघांच्याही मनात वाईट काही नसतं. फक्त दोघांनीही मला विचारलेलं नसतं.

महिना संपला तसा मी लेकीबरोबर महापेला गेलो. साहेब तरुण, बोलायला गोड. "काका, तुम्ही एकच लाइन म्हणायची. मी अंधारात होतो, या चष्म्याने मला प्रकाश दिला." मी म्हटलं, "साहेब, मी लहानपणापासून आंधळा आहे, पण अंधारात कधी नव्हतो. गेल्या महिन्यात एकदा रस्ता चुकलो, तेव्हा हा चष्मा घातलेला होता." कोणीतरी हसू दाबलं. साहेब म्हणाले, "अहो काका, ती नुसती भाषा. लोकांना टच होतं." तेवढ्यात शेजारची खुर्ची मागे सरकली. लेक उभी राहिली होती. "सर, ही लाइन बाबा म्हणणार नाही." "अगं, तुझंच काम आहे ना हे?" "म्हणूनच सांगते. हा चष्मा न विचारता बोलतो. बाबासारखी माणसं कानाने रस्ता ओळखतात आणि आपण त्यांच्या कानातच गोंगाट करतो. विचारलं तर बोलेल, नाहीतर गप्प, एवढं आधी करू या. मग काढा फिल्म."

बाई, ओढ्याची गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. ते तिने माझ्याकडे बघून, तिच्या कामातून, स्वतःच शोधलं होतं. त्या थंडगार खोलीत मला एवढा अभिमान वाटला की हातातली कॉफी प्यायची राहून गेली. साहेबांनी लॅपटॉप खटकन मिटला. मग म्हणाले, "चष्म्याचं बघू. लाइन थोडी सौम्य करू. पण फिल्मचं काकांनी आठवड्यात कळवावं. आणि तुझं कन्फर्मेशन याच महिन्यात आहे, ते लक्षात ठेव."

परतताना रिक्षात ती म्हणाली, "माझ्यासाठी हो म्हणालास ना, तर बघ. बोलणारच नाही तुझ्याशी." मी विचारलं, "आणि कायम नाही केलं तर?" "तर दुसरीकडे बघेन. महापेत कंपन्या कमी आहेत काय?" ती हसत होती, पण रिक्षावाल्याला कुठे वळायचं ते सांगायचं विसरली. आठवडाभर मी रोज देवापुढे बसलो. बापाची जीभ होकाराकडे वळायची आणि मन तिला मागे ओढायचं. देवाकडे काही मागितलं नाही. काय मागावं तेच ठरत नव्हतं.

आज सकाळी पूजा झाल्यावर मी साहेबांना फोन केला. फिल्म करणार नाही, भेट म्हणून चष्माही नको. पण तुमची हरकत नसेल तर मी आणि ऑफिसातले माझे दोन अंध सोबती सुट्टीच्या दिवशी येऊ, चष्मा घालून तुमच्या कंपनीजवळच्या रस्त्यांवर चालू आणि विचाराल ते खरं सांगू. ते "बघतो" म्हणाले. लेकीचं काय ते महिनाअखेरीला कळेल. ती डबा घेऊन नेहमीसारखी निघाली, तेव्हा चष्म्याची पेटी मी तिच्या हातात दिली.

एक गोष्ट मात्र तिलाही सांगितली नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. काल मायलेकी बाजारात गेल्या तेव्हा मी चष्मा घालून घरभर वाचत फिरलो. साबणाचं वेष्टन वाचलं, बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचली, कॅलेंडरच्या मागचं राशिभविष्य वाचलं. त्यातलं काहीच मला लागणारं नव्हतं. डोळस माणसं दिवसभर असं बिनकामाचं वाचत असतात हे ऐकून होतो, पण त्यात इतकी मजा असते हे माहीत नव्हतं. पेटी देताना माझा हात थोडा रेंगाळला, बाई. पण दिली.