मार्गारेटबाईंचं गाव आणि दुसरा फटका

रविवार, ११ ऑक्टोबर १९८७, श्रूजबरी, अमेरिका

दुसरा फटका मारायची गरज नव्हती. निदान इथे तरी खरं लिहिते.

दुपारी लायब्ररीत शेजारच्या मार्गारेटबाईंनी त्यांच्या इंग्लंडमधल्या गावाच्या स्लाइड्स दाखवल्या. जुनं चर्च, दगडी पूल, आणि हिरवळीवरचा लाकडी खोडा. गुन्हेगाराचे पाय त्यात अडकवायचे आणि गावाने दगड मारायचे. एक माणूस त्यातच मेला, असं त्या केक वाटता वाटता म्हणाल्या. मनात आलं, कसली माणसं असतील ही!

कार्यक्रम संपल्यावर त्यांचा प्रोजेक्टर उचलून मी बाहेर आले. पार्किंगमध्ये दोन माणसं सुधीरला, माझ्या नवऱ्याला, खाली पाडून लाथा घालत होती. "गो होम!" असं ओरडत होती. मी धावले आणि प्रोजेक्टर एकाच्या डोक्यात घातला. त्याचा जोडीदार पळाला. हा गुडघ्यांवर बसला, हात वर करून "प्लीज" म्हणाला. तरी मी पुन्हा मारलं, तोंडावर. का? त्या क्षणी बरं वाटलं म्हणून. दुसरं काही कारण सापडत नाही.

सुधीरच्या दोन बरगड्या मोडल्यात. त्या माणसाचा डोळा वाचेल का, सांगता येत नाही म्हणे.

पोलिसाने विचारलं, "किती वेळा मारलंत?" मार्गारेटबाई पुढे झाल्या. "एकदाच. आय सॉ इट."

त्या माझ्या मागोमागच बाहेर आल्या होत्या; त्यांनी दोन्ही फटके पाहिले होते.

हॉस्पिटलमधून परतल्यावर मी त्यांच्या दारात जाऊन त्यांचा हात धरला, थँक यू म्हटलं. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला, आणि दार लावलं.