बाहेर दिलेलं काम

३ मार्च, मंगळवार

मी पुण्यवान माणूस आहे, हे आज समोरच्या इमारतीतल्या ड्रायव्हरसाहेबांकडून कळलं. एकसष्ट वर्षं या देहात राहतोय, मला पत्ता नव्हता.

सकाळी दारात उभे. एकतीस वर्षं शहराची बस हाकलेला माणूस, पण आमचे दोन जिने चढून आला तर ओठ निळे पडले होते. हृदयाची झडप खराब झाली आहे. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी सतरा तारीख दिली आहे, पण हे संमतीच्या कागदावर सही करत नाहीत. मुलगी सांगून सांगून थकली. आत येऊन बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुम्हाला रोज सव्वासहाला खिडकीत बघतो. मान खाली, हात जुळलेले, ओठ हलतायत. एक दिवस खंड नाही. त्यात माझं नाव घेत असाल तर मी सही करतो."

आता खरं काय ते या वहीला तरी सांगतो. सव्वासहाला मी माझा धंदा करत, कवळ्या बनवत असतो. मेणात एकेक दात बसवायचा असतो. सकाळी मेण घट्ट असतं आणि उजेड खरा असतो, दिव्याखाली दाताचा रंग फसवतो. म्हणून मान खाली. हात जुळलेले, कारण दोन तळव्यांच्या मध्ये कुणाचा तरी वरचा जबडा असतो. आणि ओठ हलतात ते डेंटिस्टला लाखोली वाहायला — वेडीवाकडी मापं पाठवतो आणि वर विचारतो, "कवळी सैल कशी झाली?"

हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तोंडातून निघालं, "घेतो की."

दोन शब्द. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात. माझा तर धंदाच तो आहे.

४ मार्च, बुधवार

सही केली म्हणे. त्यांच्या मुलीने खाली गाठून माझे दोन्ही हात धरले. मी म्हणालो, "अहो, त्यात काय!" खरोखरच त्यात काही नव्हतं.

५ मार्च, गुरुवार

दिलेला शब्द पाळावा म्हणून आज प्रयत्न केला. जबडा बाजूला ठेवला, डोळे मिटले. आता पुढे काय? नास्तिक असणं सोपं आहे, पण चाळीस वर्षं नास्तिक राहून अचानक अर्ज करायचा तर मायना काय लिहायचा? 'महोदय' मनात आलं. मग 'आपल्या अस्तित्वाबद्दल साशंक असलो तरी' असं काहीसं. मग आठवलं की मेणाखालचा दिवा चालू राहिलाय. उठलो. संपली माझी साधना.

बायको मात्र रोज करते. लग्न झाल्यापासून बघतोय — पहाटे मागच्या खोलीत जाते, दार लावते, पंधरा मिनिटांनी बाहेर येते आणि दूध तापवते. त्यावर मी आजवर किती फिरक्या घेतल्या त्याला गणती नाही. "आज लाइन लागली का?" ही त्यातली सगळ्यात जुनी. ती हसायची. पुढे पुढे हसायची बंद झाली, पण विनोद जुना झाला की तसं होतंच.

तर सरळ मार्ग दिसला. कवळीतल्या धातूच्या पट्टीचं काम मला कधीच नीट जमलं नाही. ते मी पलीकडच्या गल्लीतल्या ओतकाम करणाऱ्याकडून करून घेतो, वर दात बसवतो, आणि डबीवर शिक्का माझा. पेशंटला काय, पट्टी कुणी ओतली याच्याशी कर्तव्य नाही. प्रार्थनेचंही तसंच. काम बाहेर द्यायचं.

हिला सांगितलं, "उद्यापासून तुझ्यात एक नाव वाढव."

ती भाजी निवडत होती. हात थांबले. "त्यांनी तुम्हाला सांगितलंय ना?"

"मला सवय कुठे आहे? तुला हातखंडा आहे."

"बघते," म्हणाली.

झालं काम.

७ मार्च, शनिवार

एक विघ्न. ड्रायव्हरसाहेब आता सव्वासहाला त्यांच्या खिडकीत येतात आणि मला नमस्कार करतात. मग तिथेच उभे राहतात. एक हात छातीवर, जिथे दुखतं तिथे.

म्हणजे मला शिव्यासुद्धा देता येत नाहीत. ओठ हळूहळू, सात्त्विक हलवावे लागतात. आज त्या नादात खालचे पुढचे दोन दात तिरके लागले. ज्या बाईंची कवळी आहे, त्या आता जन्मभर थोड्या छद्मी हसतील. पुन्हा मेण वितळवायला हवं.

८ मार्च, रविवार

रविवारी मी काम करत नाही. तरी सहाला उठलो, रिकामे हात जोडून रिकाम्या टेबलापाशी वीस मिनिटं बसलो. समोर ते उभेच होते. ते चहा प्यायला लागले तेव्हा कुठे मी उठलो. इतक्या निष्ठेने ढोंग करणारा माणूस खरी प्रार्थना करू शकत नाही, हा आळस म्हणायचा की तत्त्व?

१० मार्च, मंगळवार

बोभाटा झाला. लाँड्रीवाला म्हणतो, "तेवढं आमच्या दुकानाचंही बघा. रस्ता रुंद करताना आमच्या बाजूने करू नये." मी त्याला म्हटलं की ते खातं माझ्याकडे नाही. तो म्हणाला, "ओळखीने होत असेल तर बघा." शर्ट मात्र आज फारच कडक इस्त्रीचे आले.

११ मार्च, बुधवार

बाहेर दिलेलं काम मधूनमधून तपासावं, हा माझा नियम. हिला विचारलं, "नाव घेतेस ना?"

"तुम्ही खिडकीत काय करता?" तिने विचारलं.

"मी नुसता बसतो, बाई. त्यांना दिसायला."

"मग बसा."

याचा अर्थ मी 'हो' असा घेतला. शिवाय पुरावा आहे: पंधरा मिनिटांची ती आता पंचवीस मिनिटं आत असते. मी घड्याळ लावून पाहिलं. एका नावाला दहा मिनिटं! मनातून थोडी असूया वाटली. माझ्या गुडघ्यासाठी इतका वेळ कधी दिला असेल असं वाटत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

खरं सांगून टाकायचं ठरवून त्यांच्या घरी गेलो. माणूस छाती उघडून घेणार आहे, तो माझ्या थापेवर. झोप लागत नाही. नास्तिकाला पापाची भीती नसते म्हणतात. ज्यांनी हे म्हटलं त्यांना शेजारी नसावेत.

ते पिशवी भरत होते. दोन पायजमे, दाढीचं सामान, माझ्याच हातची कवळी ठेवायची डबी. मी म्हणालो, "एक बोलायचं होतं."

"आधी माझं ऐका," म्हणाले. "पहाटेच्या गाडीला मागे पन्नास-साठ माणसं असायची. सगळी झोपलेली. घाट असो, धुकं असो, ती घोरायची. मला आश्चर्य वाटायचं. यांनी माझं तोंडसुद्धा नीट पाहिलेलं नाही, आणि झोपतात कशी? आता कळलं. पुढे कुणीतरी जागं आहे एवढं पुरतं." मग हसले. "एकतीस वर्षं मी पुढे बसलो. या खेपेला तुम्ही बसा. मी मागे झोपतो."

"पिशवीत टॉवेल टाका," म्हणालो आणि परत आलो.

जिन्यात एकच विचार: हा मला पुढे बसवतोय आणि मी स्टिअरिंग बायकोच्या हातात देऊन खिडकीत हात हलवतोय. तरी एक बरं, ती चांगली ड्रायव्हर आहे. मी असतो तर गाडी केव्हाच दरीत गेली असती.

१६ मार्च, सोमवार

दुपारी ते दाखल झाले. जाताना टॅक्सीच्या काचेतून माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं. मी मान डोलावली.

संध्याकाळी हिच्याशी खटका उडाला. ती म्हणाली, "उद्या तरी तुम्ही स्वतः करा."

"पण तू करणारच आहेस!"

"त्यांनी तुमच्यावर भरवसा ठेवलाय. माझ्यावर नाही."

"माल कुठून आला हे गिऱ्हाईक बघत नाही," मी म्हणालो. चांगलं वाक्य होतं. तिने ताट उचललं आणि आत गेली. चांगल्या वाक्यांना घरात किंमत नाही.

१७ मार्च, मंगळवार

आठला आत नेणार होते. नऊपर्यंत एक दात धड बसला नाही. आणि म्हणे या हातांवर या शहरातली निदान दोनशे माणसं जेवतात! शेवटी जबडा खाली ठेवला आणि नुसता बसलो. प्रार्थना म्हणवत नाही. 'अरे, राहू दे त्याला' एवढंच मनात येत होतं, तेही कुणाला उद्देशून ते न ठरवता. एकदा चुकून 'साहेब' म्हणालो. बहुधा ड्रायव्हरसाहेबांनाच म्हणालो असेन.

तीनला त्यांच्या मुलीचा फोन. झडप बदलली. शुद्धीवर आले. पहिला प्रश्न — दात कुठे आहेत.

मी रडलो. कुणाच्या तरी खालच्या कवळीवर थेंब पडले, पुसून घेतली. नंतर हिला जाऊन म्हणालो, "तुझ्यामुळे झालं." थट्टेने नाही. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच या विषयावर मी थट्टा न करता बोललो.

तिने नळ सोडला. भांडी घासून झालेली होती, तरी बराच वेळ नळ चालू होता.

२२ मार्च, रविवार

हॉस्पिटलात जाऊन आलो. ते उशांना टेकून बसले होते, रंग चांगला आलाय. माझा हात धरून शेजारच्या पेशंटला सांगत होते, "हेच ते." शेजारचा माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला की माझी पाचावर धारण बसली. आता याचंही मूत्रपिंड माझ्याकडे येणार!

म्हणून कबूल केलं. सगळं — मेण, जबडा, डेंटिस्ट. "मी कधीच करत नव्हतो. घरात ही करते. तुमचं नाव तीच घेत होती."

ते रागावले नाहीत. हसायला लागले, टाके दुखले म्हणून थांबले. "मग वहिनींना घेऊन या. ज्यांनी गाडी चालवली त्यांना तरी बघू दे."

किती हलकं वाटलं! बारा किलो वजन उतरलं म्हणा. (खऱ्या बारा किलोंबद्दल डॉक्टर बोलतच असतात.)

घरी येऊन हिला निरोप दिला. "मी नाही येणार," म्हणाली. मला माझाच बावळटपणा उशिरा कळला. तेच हॉस्पिटल. नऊ वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण तिथेच गेली. तीन आठवडे ही तिच्या उशाशी होती, पहाटेची प्रार्थनाही तिथल्या गॅलरीत उभं राहून व्हायची. त्यानंतर तिने त्या रस्त्यालाही पाऊल टाकलं नाही. मी म्हणालो, "बरं, ते घरी आल्यावर भेट."

"नको," म्हणाली. "त्यांना माझं नाव का सांगितलंत?"

असेल संकोच. चांगली माणसं कौतुकाला बुजतात. मला हे ऐकून माहीत आहे.

२५ मार्च, बुधवार

आज सव्वासहाला ती मागच्या खोलीत गेली नाही. माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मी त्यांचं नाव घेतलं नाही," म्हणाली. "एकदाही नाही. मला वाटलं, शब्द तुम्ही दिलाय, तुम्ही शेवटी कराल."

मी म्हणालो, "मग आत पंचवीस मिनिटं?"

"जमतंय का बघत होते. नाही जमलं. नऊ वर्षं जमत नाही. दार लावून नुसती बसते."

मी विचारलं, मग बसतेस कशाला? म्हणाली, "नाही बसले तर तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून."

मग सांगितलं. बहीण गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली तेव्हा मी इथेच, याच खुर्चीत दात लावत होतो. मान वर न करता मी म्हणालो होतो, "आता काय मागायचं राहिलंय?"

मला आठवत नाही. पण ऐकल्याबरोबर ओळखलं — माझ्याच हातचं काम.