गातुनच्या धक्क्यावर

ब्रुकलिन, ३ जानेवारी १९८४

चि. इओला हिस एग्बर्टदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाच्यांनी वर्गणी काढून मला आणि व्हर्नाला बोटीची सहल दिली आहे. कार्ताहेना, मग आपला कालवा, पुढे पुंतारेनास आणि अकापुल्को. जिथे आजोबांनी कमरेएवढ्या चिखलात खोदलं, तिथून मी खुर्चीत बसून सरबत पीत जाणार. बोट आपल्या कोलोनला थांबत नाही, हीच गोम. पण कालव्याच्या गातुनच्या दरवाजांत पाणी भरून वर चढेपर्यंत ती धक्क्याला खेटून उभी असते. आईला तिथे आण. विमानात बसायला डॉक्टर नाही म्हणतात आणि या हृदयाचा मला भरवसा राहिलेला नाही. तिला एकदा डोळे भरून बघायचं आहे. पिवळा झगा घाल म्हणावं, गर्दीत ओळखू येईल.

इसिल्डा मावशी डावा पाय ओढत अजून सगळ्या गल्लीची हजेरी घेते ना? आणि भगिनी मंडळाची फीत मासळी आणायला जातानाही लावते का? आपण लांबूनच बघायचो, निळी बाजू वर आहे की काळी. काळी दिसली की मंडळातली कुणीतरी गेली, आणि आपली आईही महिनाभर तशीच फिरणार.

उत्तर कार्ताहेनाला बोटीच्या कचेरीत पाठव. लोभ आहेच, तो आईच्या वाट्याचाही समज.

तुझा दादा

कोलोन, १९ जानेवारी

तीर्थरूप दादास इओलाचा सा. न. वि. वि.

सगळी तयारी आहे. झगा इस्त्री करून ठेवला आहे, टोपीही. तुझं पत्र आल्यापासून आई रोज सकाळी गॅलरीत कठडा धरून उभी राहायची. बोट वर चढेपर्यंत टिकायला हवं म्हणून सराव. मी हसले की चिडायची.

तू हाका मारू नकोस. तिला ऐकू जायचं नाही. नुसता हात हलव.

व्हर्नावहिनींचं पत्र मिळालं. तुला कसलाही धक्का बसता कामा नये, असं त्यांनी बजावलं आहे. तेव्हा घरच्या कटकटी लिहीत नाही. गोळ्या वेळेवर घे. माया असू दे.

इओला

पुंतारेनास, २७ जानेवारी

चि. इओला हिस आशीर्वाद.

पिवळा झगा मी लांबूनच ओळखला. आई एवढी ताठ उभी बघून मला रडू आलं. शेजारचा प्रवासी फोटो काढायला धावला. मग दुर्बीण लावली. झग्यावर फीत होती, काळी बाजू वर. वाटलं, इसिल्डा मावशी गेली आणि तुम्ही माझ्यापासून लपवलं. तुझा रागही आला.

बोट वर आली तशी ती कठड्याच्या कडेने माझ्याबरोबर चालू लागली. डावा पाय ओढत.

मी टोपी काढली आणि दरवाजा उघडेपर्यंत छातीशी धरून उभा राहिलो. व्हर्नाला वाटलं, मी आईला सलाम करतो आहे. मी तिला काही सांगितलं नाही. हृदय बंद पडलं नाही, तेवढं कळवतो.

आई कधी गेली ते लिही. अकापुल्कोला लिही.

दादा

कोलोन, ३१ जानेवारी

तीर्थरूप दादास सा. न.

पंधरा तारखेला, रविवारी. गॅलरीतच, कठडा धरलेला असताना. मंडळाने तिला पांढऱ्या झग्यात नेलं. पिवळा मी मागे ठेवून घेतला, कारण तो तुझ्यासाठी होता.

फितीचं मला सुचलंच नाही, मावशीलाही नाही. महिना संपायचा होता, तिने सवयीने लावली. आईच्या जागी उभी राहतानाही ती आईचं सुतक पाळत होती.

धक्क्यावरून आल्यावर मावशीने झगा काढला, घडी घातली आणि म्हणाली की पोराला कळलं, त्याने टोपी हलवली नाही, काढली. मी तिच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, तुला दिसत नाही नीट, तो हात हलवत होता.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. आता मंडळातल्या बायकांना सांगत सुटली आहे की एग्बर्टने शेवटी आईला निरोप दिला, आणि ‘वर गेल्यावर तो तिला मीच पोचवणार’ म्हणते.

तुझी इओला