करिष्माच्या हळदीची दोन मिनिटं

१२ एप्रिल, सकाळी ६.४०
निर्णय पक्का. ८ मेला माझ्या धाकट्या बहिणीच्या, करिष्माच्या हळदीत एलईडी स्क्रीनवर माझी ॲनिमेशन फिल्म लागणार. दोन मिनिटांची. आमच्या काल्हेर गावच्या हळदींत डीजे झाले, ड्रोन झाले, हे कुणी केलेलं नाही. बहिणीला विचारलं, गोष्ट कुठली हवी? म्हणाली, दहावीच्या पेपरची. त्या दिवशी धामणकर नाका असा तुंबला होता की माणूससुद्धा सरकेना. बाबांनी सायकल डोक्यावर घेतली आणि ट्रकांच्या मधून वाट काढत तिला सेंटरवर पोचवलं. "बाकी काय नको, दादूस. डोक्यावर सायकल घेतलेला बाबा दिसला पायजे." सोपं आहे.

१३ एप्रिल
स्टोरीबोर्ड म्हणजे फिल्म बनवण्याआधी ती चौकोनांत काढून बघायची. चोवीस चौकोन पुरतील. मी गोडाऊनमध्ये रोज चौदा ट्रकांचं लोडिंग कागदावर बसवतो. हे तर चहाच्या वेळेचं काम. संकल्प: रोज पाचला उठून चार चौकोन.

१४ एप्रिल, सकाळी ९
उठलो साडेआठला. सुट्टीच्या दिवशी पाचला उठणं शरीराला घातक. पण पडल्या पडल्या विचार झाला. विचार म्हणजे अर्धा स्टोरीबोर्डच.

१९ एप्रिल
तीन चौकोन तयार. पेन्सिल भिकार निघाली, नाहीतर सहा झाले असते. तिसऱ्या चौकोनात पेपरला निघालेल्या करिष्माला निरोप द्यायला घरचे उभे. केसरीनाथकाका दारात, काळूरामकाका लांब विहिरीपाशी. पर्स्पेक्टिव्ह अप्रतिम. बाबांना मुद्दाम काढलेलं नाही. हात बसला की शेवटी, निवांत.

२१ एप्रिल
काळूरामकाकांनी वही बघितली. "मना बारका कनाला केलास? लग्नाच्या बॅनरवर असा केला असतास तं मी मांडवात पाय ठेवला नसता." समजावलं की तुम्ही लांब उभे आहात म्हणून लहान दिसता. तर म्हणाले, लांब तरी का उभं केलंस? काकांना पुढे आणलं. साहजिकच केसरीनाथकाका त्यांच्यामागे अर्धे झाकले गेले.

२२ एप्रिल
केसरीनाथकाका येऊन गेले. आज काम नाही.

२५ एप्रिल
तोडगा सापडला. पर्स्पेक्टिव्हच काढून टाकलं. सगळे एका मापाचे, समोर बघणारे. ही माझी स्वतःची शैली मानायला हरकत नाही.

२९ एप्रिल
फिल्मची बातमी फुटली, आता सगळ्यांना तिच्यात यायचंय. तुळशीराममामा, दोन्ही आत्या, उन्नतीवहिनीच्या माहेरचे सात जण. सगळ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर, बहुतेक गॉगलमध्ये. गॉगल बरा, डोळे काढावे लागत नाहीत. केसरीनाथकाकांचं म्हणणं पडलं की हळदीत सायकल बरी दिसत नाही, त्यांची नवी गाडी दाखवावी. ठाम राहिलो. मग गाडी काढली. बाबांना नंतर आत बसवता येईल. करिष्माने विचारलं, बाबा झाला का? म्हटलं, डोक्यात तयार आहे.

४ मे
त्रेचाळीस चेहरे. चौकोनांत मावेनात, म्हणून चोवीसचा एकच मोठा चौकोन केला. गाडी जागा खात होती, तीही काढून टाकली. बाबा टेबलावर चहा ठेवून गेले. असा पाठिंबा लागतो. ॲनिमेशन किरकोळ आहे, ते परवा.

७ मे
सॉफ्टवेअर गोडाऊनच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. यात माझा दोष शून्य. चित्र दोन मिनिटं स्क्रीनवर ठेवायचं, खालून नावं सरकवायची. सरकतं ते ॲनिमेशनच. फाईल स्क्रीनवाल्याला दिली.

९ मे, सकाळी ६
काल फिल्म लागली. शिट्ट्या पडल्या. जो तो आपापल्या चेहऱ्याचा फोटो काढत होता. काळूरामकाकांनी मला खांद्यावर घेतलं. मिनिटभर मी फार मोठा माणूस होतो.

मग हळदीने माखलेली करिष्मा स्क्रीनजवळ आली. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत तिने बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळली. "दादूस, बाबा कुठं हाय?"

खांद्यावरून उतरलो. मीही शोधलं. त्रेचाळीस जणांनी जागा मागून घेतली होती, बाबांनी मागितली नव्हती. पार्ट टूमध्ये घेणार आहे, असं काहीतरी बोललो. ती रडायला लागली. आईने तिला आत नेलं.

बाबा पंगतीत पाणी वाढत होते. जग हातात घेऊनच आले, स्क्रीनकडे बघितलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरा झाला. कोन रायला न्हाय."

मी त्यांच्या हातातला जग घेतला आणि पंगतीत पाणी वाढायला गेलो. फार लाज वाटली.