कुंभारणीचं घर

पारनेर,
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय मनवावहिनी,

नमस्कार. शेवगावला माहेरी आईच्या हातचं खाऊन तुझ्या अंगात शक्ती आली असेल. इकडे आई, नाना ठीक. गंधारदादा जेवताना तुझ्या ताटाच्या जागी मोबाईल ठेवतो.

माझी कीटकांची वही चालू आहे. नुसत्या अंगणात एकसष्ट प्रकार झाले! नानांनी चौथीपर्यंत मला घरीच शिकवलं, तेव्हापासून पाहिलं तेवढंच लिहायची सवय. गुलाबाची पानं कोण कातरतं ते सापडलं. आई उगाच शेजारच्या कानिफनाथच्या शेळीला शिव्या देत होती. शेळी इतकं गोल कातरेल का? ती एक इवलीशी रानमाशी आहे. तुकडा पोटाशी धरून भिंतीच्या भोकात नेते आणि आत अस्तर लावते.

पण सगळ्यांत कसबी आपली कुंभारीण माशी. पाणी आणून माती भिजवते, गोळी गोळी आणून खोली बांधते. आत अंडं घालते, तेही छताला बारीक दोऱ्यानं टांगून. मग अळ्या आणते. त्यांना मारत नाही, नुसतं सुन्न करते, म्हणजे पिल्लाला अन्न ताजं मिळतं. दार लिंपते आणि जाते. आपलं पिल्लू तिला कधी दिसतच नाही.

हे मला कळलं, कारण मी तिचं घर फोडलं. तुझ्या खोलीतलं, खिडकीच्या चौकटीवरचं.

श्रावणात आई किती खूश होती! "कुंभारणीनं घर केलंय, पाळणा हलणार." गौरी गेल्यावर तू तपासणीला गेलीस, तेव्हा मी नुकतीच लिंपलेली एक खोली फोडली आणि उरलेल्या दोन उचकटून बाटलीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी तुझं तसं झालं. आई म्हणाली, "तरी सांगत होते, तिथं झाडू लावू नकोस!" तू रडत म्हणालीस, "लागला असेल, आई." मी दारात उभी होते. बाटली माझ्या कपाटात होती.

डॉक्टर म्हणाले होते, यात कुणाचाच दोष नसतो. मलाही ते माहीत होतं. तरी गप्प बसले.

परवा बाटलीतली एक माशी बाहेर आली. आतून स्वतःच भिंत कुरतडली, पंख सुकवले आणि उडाली. मी बघतच राहिले. पण वहिनी, घर फुटलं म्हणून काही झालं नाही, आणि माशी उडाली म्हणून काही होणार नाही. त्या दोन्ही तिच्याच गोष्टी.

आज आईला सांगितलं. ती भगर निवडत होती. "घुमे, महिनाभर तोंड शिवलं होतं का तुझं?" मग तिनं सूप बाजूला सारलं. "त्या पोरीला मी काय काय बोलले गं."

दसऱ्यानंतर ती तुझ्याकडे यायचं म्हणते. मी म्हटलं, आधी वहिनीला विचारू दे. नको असेल तर तसं लिही, मी ते तिला जसंच्या तसं वाचून दाखवीन. मला माफ करायचीही घाई करू नकोस.

फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि मी सुटले असते. म्हणून पत्र. तू तिथं झाडू लावला नव्हतास. हे तुझ्याजवळ लेखी असू दे.

तुझी, अजून म्हणू देशील तर,
नीलांबरी